टांगाटोळी नको आणि पोलिसांची धास्तीही नको

पत्र थोडक्यात असं: “मुंबई–गोवा महामार्गावर पोलादपूरच्या बाजूला माझं टायर-पंक्चरचं दुकान आहे. अपघात झाला की आम्ही सात-आठ जण धावतो. गेल्या पावसाळ्यात दुचाकीवरचा एक मुलगा वळणावर घसरला. आम्ही हेल्मेट ओढून काढलं, कुणीतरी तोंडात पाणी घातलं, टांगाटोळी करून जीपच्या मागच्या सीटवर घातलं आणि निघालो. दवाखान्यात आधी डिपॉझिट मागितलं, मग आमची नावं-पत्ते लिहून घेतले. मुलगा वाटेतच गेला होता. घरचे म्हणतात, पुन्हा या भानगडीत पडू नका, कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल. आमचं काही चुकलं का? आमच्यावर केस होईल का? आम्ही नेमकं काय शिकायला हवं? आमच्यातला एक जण तेव्हापासून नीट झोपत नाही.”

आधी घरच्यांच्या भीतीबद्दल बोलू, कारण ती गेल्याशिवाय बाकीचं कुणी ऐकून घेणार नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं. वाहनाच्या अपघातातल्या जखमीला जो माणूस सद्भावनेने, स्वतःहून आणि कसल्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करतो किंवा दवाखान्यात नेतो, त्याच्यावर त्या जखमीच्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल ना दिवाणी दावा चालतो, ना फौजदारी. मदत करताना हातून निष्काळजीपणा झाला तरी हे संरक्षण आहे, हे कलमातच लिहिलंय. तुम्ही त्या मुलासाठी जे केलंत ते पूर्णपणे याच कलमात बसतं.

नावांचं म्हणाल, तर २९ सप्टेंबर २०२०ला केंद्राने याचे नियम काढले. नाव, पत्ता किंवा ओळख सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत आणि दवाखानाही करू शकत नाही. सांगायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर. तुम्ही स्वतःहून साक्षीदार व्हायला तयार झालात, तर जबाब तुमच्या सोयीच्या जागी आणि वेळी घ्यायचा, म्हणजे तुमच्या दुकानातही चालेल. तपास अधिकारी साध्या कपड्यांत येणार, आणि एकाच बैठकीत जबाब संपवणार. प्रत्येक सरकारी-खाजगी दवाखान्याने हे हक्क मराठीत लिहून दर्शनी जागी लावायचे आहेत. पुढच्या वेळी दारातच तो फलक शोधा आणि नावांचा आग्रह झाला तर त्याच्याकडे बोट दाखवा.

डिपॉझिट मागणं तर सरळसरळ चूक होतं. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्येच सांगितलंय की जखमीवर तातडीचे उपचार करणं हे सरकारी आणि खाजगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. पोलिसांचे सोपस्कार त्यानंतर. जखमीला आणून सोडणारा माणूस नातेवाईक नसेल, तर त्याच्याकडे दाखल करण्याचे पैसे मागायचे नाहीत आणि त्याला अडवूनही ठेवायचं नाही, या मार्गदर्शक सूचनांवर न्यायालयाने २०१६मध्ये शिक्कामोर्तब केलं. शिवाय मे २०२५पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस योजना आहे: नेमून दिलेल्या दवाखान्यांत ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. जखमीच्या घरच्यांचा फोन लागला की त्यांना हे सांगा. त्या क्षणी त्यांच्या डोक्यात पैशांचाच विचार घोळत असतो.

या संरक्षणाच्या काही कडा मात्र तुमच्या गटातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात. पहिली मोबदल्याची. नातेवाइकांनी खुशीने दिले तरी जीपचं भाडं किंवा डिझेलचे पैसे घेऊ नका. पैसा हातात आला की “मोबदल्याची अपेक्षा नव्हती” हे सांगणं अवघड होतं. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवून जीव वाचवणाऱ्याला सरकार २५ हजार रुपये देतं, ती गोष्ट वेगळी. ती सरकारची योजना आहे. दुसरी कड अशी की कलम १३४-अ फक्त मोटार वाहनाच्या अपघातापुरतं आहे. सावित्री नदीत बुडालेला, साप चावलेला किंवा दुकानाच्या दारात छाती धरून बसलेला माणूस त्यात येत नाही. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ३० कामाला येतं (जुन्या दंड संहितेतलं ९२). बेशुद्ध माणसाची संमती घेणं शक्य नाही, जवळ पालक नाही, अशा वेळी त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाही. कायद्याने दिलेलं उदाहरणही ऐकण्यासारखं आहे: घोड्यावरून पडून बेशुद्ध झालेला माणूस आणि त्याच्या कवटीची शस्त्रक्रिया करणारा सर्जन. घोड्याच्या जागी दुचाकी धरा. पण या संहितेत सद्भावना म्हणजे नुसती चांगली इच्छा नव्हे. योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेल्या गोष्टीला ही संहिता सद्भावना म्हणतच नाही. म्हणून जे शिकला आहात तेवढंच करायचं. इंजेक्शन, सलाईन, वेदनाशामक गोळी, निखळलेला सांधा बसवणं, यातलं काहीही तुमचं काम नाही. पाठीवर ‘डॉक्टर’ किंवा ‘वैद्यकीय पथक’ छापलेले टीशर्टही नकोत.

आता “आमचं काही चुकलं का?” याबद्दल. तो मुलगा कशाने गेला हे शवविच्छेदन सांगेल. हेल्मेट काढल्याने गेला की पाण्याने, हे इथे बसून कुणीही सांगू शकत नाही, आणि तसा दोष स्वतःला लावून घेऊ नका. पण तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी, म्हणजे हेल्मेट ओढणं, पाणी घालणं आणि टांगाटोळी, बदलायला हव्यात. त्या का बदलायच्या हे कळलं की हात आपोआप आवरतात.

पाण्यापासून सुरू करू, कारण ते सगळ्यांत जास्त वेळा घडतं. शुद्ध हरपलेल्या माणसाला गिळता येत नाही. घातलेलं पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातं. शुद्धीत असलेल्यालाही पाजू नका. पोटात रक्तस्राव असेल तर तासाभरात शस्त्रक्रिया होणार असते आणि भरलेलं पोट भूल देताना उलटतं. ओठ कोरडे पडले तर ओल्या कापडाने पुसा, तेवढं पुरे. कांदा हुंगवणं, तोंडावर पाण्याचे हबके मारणं, जखमेत हळद, चहापूड किंवा तंबाखू भरणं, हे सगळं बंद. भरलेली पूड धुऊन काढण्यात डॉक्टरांचा वेळ जातो, आणि रक्त पुडीने थांबत नाही, दाबाने थांबतं.

टांगाटोळीत माणूस मध्येच वाकतो आणि मान लोंबकळते. मणका मोडलेला असला तरी आतली मज्जारज्जू शाबूत असू शकते. तसा माणूस उचलताना कायमचा पांगळा होऊ शकतो, किंवा मानेच्या वरच्या भागात इजा असेल तर त्याचा श्वासच बंद पडू शकतो. म्हणून रुग्णवाहिका येणार असेल आणि जागा सुरक्षित असेल तर हलवूच नका. आग, गळणारं इंधन, वरून येणारी वाहनं, अंगाखाली साचलेलं पाणी, किंवा आहे त्या स्थितीत श्वासच मिळत नाही, एवढ्याच कारणांसाठी हलवायचं. एकटेच असाल तर काखेखाली हात घालून, डोकं आपल्या दोन्ही मनगटांत धरून, शरीराच्या सरळ रेषेत मागे ओढा. पाच जण असाल तर एक डोक्याशी, दोन्ही हातांनी डोकं धरून. बाकीचे छाती, कंबर आणि पायांशी. आकडे मोजायचे ते फक्त डोक्याशी असणाऱ्याने: “एक, दोन, तीन”, आणि तीनला सगळ्यांनी एकत्र. दाराची फळी, लाकडी शिडी, दुकानातली प्लायवूडची पाटी, काहीही सपाट चालेल. दुसरा इलाज नसेल आणि जीपनेच न्यावं लागलं, तर मागच्या सीटवर दुमडून कोंबू नका. सीट पाडा, फळीवर सपाट झोपवा, आणि डोकं धरणारा माणूस दवाखान्यापर्यंत हात सोडणार नाही हे आधीच ठरवा.

हेल्मेट हे सरावाचं काम आहे. जखमी श्वास घेतोय, काच वर करता येते, पट्टा सोडता किंवा कापता येतो, तर हेल्मेट तसंच राहू द्या. श्वास थांबलाय, घुरघुरतोय किंवा हेल्मेटच्या आत उलटी झालीय, तरच काढायचं आणि तेही दोघांनी. पहिला डोक्याच्या टोकाशी गुडघे टेकून दोन्ही बाजूंनी हेल्मेट धरतो, डोकं सरळ ठेवतो. दुसरा माणूस पट्टा सोडतो, एका हाताची बोटं आणि अंगठा जबड्याच्या दोन बाजूंना लावतो, दुसरा हात मानेखालून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत सरकवतो. आता डोकं दुसऱ्याच्या ताब्यात आहे. मग पहिला हेल्मेटच्या कडा बाहेरच्या बाजूला ताणतो आणि हळूहळू आपल्याकडे ओढतो. निम्म्यावर नाक अडकतं, नेमकं तिथेच लोक हिसका देतात. तिथे थांबा. हेल्मेट जरासं मागे कलतं करून नाक मोकळं करा, दुसऱ्याने मागचा हात आणखी वर सरकवावा, नाहीतर हेल्मेट निघताच डोकं धपकन जमिनीवर आपटतं. निघाल्यावर पहिल्याने पुन्हा डोकं धरायचं. कुणाला तरी झोपवून, त्याच्या डोक्यावर हेल्मेट घालून, वीस वेळा करून बघा. पहिल्या दोन-तीन वेळा नाकापाशी चुकणारच.

आता पोचल्यावर काय, ते क्रमाने. पहिला धोका तुम्हालाच असतो. घाटात अपघाताच्या जागेपेक्षा वळण महत्त्वाचं. एका पोराला परावर्तक जाकीट घालून, बॅटरी देऊन वळणाच्या अलीकडे उभं करा, म्हणजे खालून-वरून येणारा ट्रक वेळेत थांबेल. अपघातग्रस्त गाडीची चावी बंद करा. वीजतार पडली असेल तर जवळ जाऊ नका. आणि तुमच्या रस्त्यावर महाड आणि लोटे इथल्या रासायनिक कारखान्यांचे टँकर चालतात, हे विसरू नका. टँकर कलंडलेला दिसला तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि चढाच्या बाजूला थांबून, लांबूनच मागच्या फलकावरचा चार आकडी क्रमांक वाचा: १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १०१७ म्हणजे क्लोरीन. तो क्रमांक ११२ वर सांगा आणि पुढे जाऊ नका. क्लोरीनमध्ये धावत गेलेला मदतनीस काही क्षणांत स्वतःच जखमी होतो.

फोन १०८ला. “घाटात मोठा अपघात झालाय, लवकर या” एवढ्यावर गाडी नीट सुटत नाही. किलोमीटरचा दगड, मुंबईकडे जाणारी बाजू की गोव्याकडे जाणारी, जखमी किती, त्यांपैकी बेशुद्ध किती, कुणी आत अडकलंय का, एवढं सांगा आणि पलीकडचा माणूस ठेवेपर्यंत फोन ठेवू नका. राष्ट्रीय महामार्गाची १०३३ ही मदतवाहिनीही आहे. दुसऱ्याने ती लावावी.

जखमी अनेक असतील तर ओरडणाऱ्याकडे आधी धाव घेण्याचा मोह होतो. पण ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे. गप्प पडलेल्याकडे आधी जा.

हातमोजे चढवा आणि सगळ्यांत आधी वाहतं रक्त बघा. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. दीड-दोन लिटर गेलं की जीव धोक्यात येतो, आणि मांडीची मोठी रोहिणी (धमनी) तुटली तर त्याला काही मिनिटं पुरतात. स्वच्छ पंचा किंवा ओढणीची जाड घडी जखमेवर ठेवून तळव्याने, कोपर ताठ ठेवून, अंगाचा भार देऊन दाबा. सलग १० मिनिटं. मध्ये उचलून “थांबलं का” बघू नका, जमलेली गुठळी निघून येते. घडी भिजली तर वरून दुसरी ठेवा. काच किंवा सळई रुतलेली असेल तर काढू नका. तीच भोक बुजवून बसलेली असते. तिच्या दोन बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावून ती हलणार नाही असं बांधा.

हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर आवळपट्टी, म्हणजे टूर्निकेट. जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर, गुडघा-कोपराच्या सांध्यावर नाही. पट्टी किमान ४-५ सेंटीमीटर रुंद हवी. सुतळी, तार, बुटाची नाडी मांसात रुतते आणि रोहिणी मात्र बंद होत नाही. गाठीत पाना अडकवून पिळा, तुमच्या दुकानात पान्यांना तोटा नाही, आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत पिळत राहा. दुखेल, तो ओरडेल. सैल बांधलेली पट्टी मात्र रक्तस्राव वाढवते, कारण परतीच्या शिरा दबतात आणि रोहिणी चालूच राहते. पूर्वी शिकवायचे की दर पंधरा मिनिटांनी सैल करा. ते आता चूक मानतात. एकदा बांधली की डॉक्टरच सोडतील. बांधल्याची वेळ मार्करने तिथेच, त्वचेवर लिहा.

मग श्वास. घोरल्यासारखा किंवा घुरघुरणारा आवाज म्हणजे जीभ मागे पडलीय किंवा घशात रक्त आहे. मान मागे न वाकवता जबड्याच्या दोन्ही कोनांमागे बोटं लावून जबडा पुढे उचला. उलटी होत असेल तर डोकं-मान-धड एका रेषेत ठेवून सगळ्यांनी मिळून कुशीवर वळवा. छातीकडे १० सेकंद बघा. मधूनच येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे, ही चूक फार होते. आचके असतील किंवा काहीच नसेल तर उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, खालच्या निम्म्या भागावर ५-६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, दर दोन मिनिटांनी माणूस बदलून. मार लागून बंद पडलेलं हृदय असं परत सुरू होण्याची शक्यता कमी असते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण “गेला” हे ठरवण्याचा अधिकार डॉक्टरचा आहे, गर्दीचा नाही.

चेहरा पांढरा, घाम थंड, नाडी वेगवान, जखमी बेचैन, अशी लक्षणं आत कुठेतरी रक्त वाहत असल्याची. सपाट झोपवा, घोंगडी पांघरा. अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही. पावसाळ्यात अंगाखालीही काहीतरी घाला. तुटलेलं बोट सापडलं तर ओल्या स्वच्छ कापडात, ते प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात; थेट बर्फात टाकलेलं बोट जळतं.

जखमी शुद्धीत असेल तर हात लावण्याआधी विचारा: “मी प्रथमोपचार शिकलोय, तुमच्या पायाचं रक्त थांबवू का?” बाई असेल तर जमल्यास दुसऱ्या बाईला शेजारी बसवा, कपडा का कापतोय ते सांगा आणि लगेच झाका. शहाणासुरता माणूस “नको” म्हणाला तर जबरदस्ती नाही. पण डोक्याला मार लागलेला, दारूच्या अमलाखाली असलेला किंवा वेळ-ठिकाण न सांगता येणारा माणूस “मला काही झालं नाही” म्हणतो, त्या नकाराला अर्थ नसतो. त्याच्याजवळ थांबा, बोलत राहा, १०८ला कळवा. मूल असेल आणि आई-बाप जवळ नसतील तर त्यांची वाट बघत बसू नका. आणि एकदा हात लावला की रुग्णवाहिकेच्या ताब्यात देईपर्यंत सोडून जायचं नाही.

पाकीट, मोबाइल, मंगळसूत्र दोघांच्या देखत मोजून लिहून ठेवा आणि पोलिसांना किंवा रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना देऊन त्यांची सही घ्या. गटाच्या बदनामीचं हेच एक खरं कारण ठरू शकतं. जखमीचे फोटो काढू नका, कुणी काढत असेल तर त्याला वळणावर बॅटरी घेऊन उभं करा.

१०८चे डॉक्टर आले की सात जणांनी एकदम बोलू नका. एकाने कागद द्यावा. कागद असा:

“९.४० सापडला. दुचाकी, हेल्मेट होतं. हाकेला डोळे उघडतो. श्वास मिनिटाला २४. ९.४६ उजव्या मांडीला आवळपट्टी. ९.५५ हाकेला ओ नाही, चिमटा काढल्यावर हात हलवतो. पाणी दिलं नाही.”

यातली ९.५५ची ओळ डॉक्टरांसाठी सगळ्यांत मोलाची. शुद्ध उतरत चाललीय हे त्यांना त्या एका ओळीतून कळतं, आणि कुठल्या दवाखान्यात न्यायचं हे त्यावरून ठरू शकतं.

शिकायचं कुठे, तर रेडक्रॉस किंवा सेंट जॉन अँब्युलन्सचा प्रथमोपचार वर्ग करा; गटातले निदान चौघे. पेटीत नायट्रिलचे हातमोजे, जाड घड्या, त्रिकोणी पट्ट्या, कापड कापायची बोथट टोकाची कात्री, तयार टूर्निकेट दोन, मार्कर, बॅटरी, जाकिटं. हातावर ताज्या जखमा असताना कुणाचं रक्त लागलं तर साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवा, जखम पिळू नका, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्हीचा संसर्ग टाळायची औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही.

आणि तो न झोपणारा मित्र. त्याला “पुरुष माणसा, विसरून जा” म्हणू नका. त्या संध्याकाळी त्याने काय केलं, काय पाहिलं, हे त्याला त्याच्या वेगाने बोलू द्या. मध्ये दुरुस्त्या करू नका. महिना उलटून गेलाय आणि अजून तोच प्रसंग डोळ्यांपुढे येतो, दचकून जाग येते, म्हणजे त्याला डॉक्टरांची मदत हवी. १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. पहिला फोन लावताना तुम्ही शेजारी बसा. पुढचे काही महिने त्याला जखमीपाशी पाठवू नका. वळणावर बॅटरी धरायलाही माणूस लागतोच.